माईक कोणाच्या हातात? अमेरिकेतल्या मतदार बायकांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना विचारलेले प्रश्न

मागच्या निवडणुकीत आम्ही काम करतो त्या वस्तीत एक उमेदवार आले होते. विहारासमोर गाडी थांबली, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला, ‘जय भीम’ झालं, आठ-दहा मिनिटांचं भाषण झालं. मागे उभ्या असलेल्या एका मावशींनी हात वर करून विचारलं, “साहेब, आपल्या दवाखान्यात बाळंतपणाची सोय कधी होणार?” सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, “मावशी, नंतर बोलू, साहेबांना पुढं जायचंय.” गाडी निघून गेली. मावशींचा हात थोडा वेळ तसाच वर होता.

मत आपल्याकडे आहे. पण मत मागायला आलेल्या माणसाला थांबवून धोरणाबद्दल विचारायचं, त्याच्याकडून नेमकं उत्तर घ्यायचं आणि पुढे त्या उत्तराचा पाठपुरावा करायचा, याची सवय आपल्या चळवळीला म्हणावी तितकी नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना मताचा हक्क कसा मिळाला याबद्दल आम्ही भरपूर वाचलं. मिळाल्यावर तो वापरायचा कसा, याबद्दल फारच थोडं. म्हणून अमेरिकेतल्या बायकांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना प्रश्न विचारण्याचा जो शंभर वर्षांचा खटाटोप केला, तो इथे मांडते आहे. त्यात यश आहे, फसवणूक आहे, आणि आपल्याला ओळखीची वाटेल अशी जातीसारखी एक भिंतही आहे.

एक फरक आधी सांगते. आपल्याकडे राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात, त्यामुळे राष्ट्रपतिपदाचा उमेदवार तुमच्या-माझ्या दारात येत नाही. अमेरिकेत अध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख असतो. तिथेही कागदोपत्री त्याला ५३८ जणांचं निर्वाचक मंडळ निवडतं, पण ते मंडळ राज्याराज्यांतल्या लोकांच्या मतांवर ठरतं. शिवाय पक्षाचा उमेदवार कोण, हेही बहुतेक राज्यांत मतदारच ठरवतात. त्या पहिल्या फेरीला ‘प्रायमरी’ म्हणतात. त्यामुळे तिथल्या उमेदवाराला वर्षभर आधीपासून शाळांच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये, हॉटेलांत लोकांसमोर उभं राहावं लागतं. प्रश्न विचारायला जागा मिळते ती तिथे.

१९२० : हक्क मिळाला, लगेच यादी पुढे केली

अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये लागू झाली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते (१९१३ ते १९१६) तेव्हा ही लढाई न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालू होती. ऑक्टोबर १९१५ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि पुढच्याच महिन्यात त्या राज्यातल्या पुरुष मतदारांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव फेटाळला. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, तोच प्रस्ताव मंजूर झाला.

घटनादुरुस्ती होण्याच्या काही महिने आधीच, फेब्रुवारी १९२० मध्ये, कॅरी चॅपमन कॅट यांच्या पुढाकाराने शिकागोत ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संघटना स्थापन झाली. लीगने सुरुवातीपासून पाळलेला नियम असा की कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, प्रश्न मात्र सगळ्यांना विचारायचे. त्याच उन्हाळ्यात लीगच्या बायका पंधरा मागण्यांची यादी घेऊन दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांना गेल्या. माता-बालकांचं आरोग्य, बालमजुरी, शिक्षण, नोकरदार स्त्रियांचे प्रश्न असं त्यात होतं. डेमोक्रॅटिक पक्षाने पंधरापैकी बारा मागण्या जाहीरनाम्यात घेतल्या, रिपब्लिकन पक्षाने पाच.

रिपब्लिकन उमेदवार वॉरन हार्डिंग ओहायोतल्या मॅरियन गावी आपल्या घराच्या ओसरीवरूनच प्रचार करत होते. १ ऑक्टोबर १९२० ला तिथे खास महिलांसाठी दिवस ठेवला गेला. त्या भाषणात हार्डिंग यांना समान कामाला समान वेतन, बालमजुरी बंदी, माता-बालसंरक्षण यांबद्दल उघड बोलावं लागलं. लाखो नव्या मतदार बायका कुणाला मत देणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि उमेदवाराला ज्याचा अंदाज येत नाही त्या मतदाराला तो सगळ्यात जास्त घाबरतो.

बाळंतपणात बायका मरत होत्या, तान्ही मुलं मरत होती. सरकारच्या बालक विभागाच्या प्रमुख ज्युलिया लॅथ्रॉप यांनी त्याची मोजदाद करून आकडे मांडले होते. काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या महिला जेनेट रँकिन यांनी १९१८ मध्ये त्यावर विधेयकही मांडलं होतं, पण ते पडून होतं. निवडणुकीनंतर त्याच विधेयकाला गती आली आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये हार्डिंग यांनी शेपर्ड-टाउनर कायद्यावर सही केली. केंद्र सरकार आणि राज्यं मिळून गर्भवतींची तपासणी, गावोगावी परिचारिका, सुईणींचं प्रशिक्षण, बालआरोग्य केंद्रं असा खर्च करणार होती. पुढच्या सात-आठ वर्षांत अशी जवळपास तीन हजार केंद्रं उभी राहिली.

या कायद्याच्या वेळी काँग्रेसमध्ये एकच स्त्री सदस्य होती, ओक्लाहोमाच्या अॅलिस रॉबर्टसन. त्यांनी कायद्याला विरोध केला. खुर्चीत बाई बसली म्हणजे बाईचा प्रश्न सुटला, असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे. महिला सरपंच, महिला नगरसेविका हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण हा कायदा झाला तो सभागृहातल्या एका बाईमुळे नाही, बाहेरून विचारत राहिलेल्या हजारो बायकांमुळे.

नंतर काय झालं? डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने कायद्याला कडाडून विरोध केला. आणि दोन-चार निवडणुकांत पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की बायका एकगठ्ठा मत देत नाहीत, कित्येक तर मतदानालाच येत नाहीत. भीती संपली. १९२९ मध्ये या कायद्याचा निधी बंद पडू दिला गेला.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजा-भत्त्याचं विधेयक आलं आणि बाबासाहेब त्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. दोन देश, तोच प्रश्न, एकाच वर्षी एका ठिकाणी दार उघडलं आणि दुसऱ्या ठिकाणी बंद झालं.

ज्यांना रांगेतच उभं राहू दिलं नाही

आता त्या भिंतीकडे येते. १९२० ची घटनादुरुस्ती कागदावर सगळ्या स्त्रियांसाठी होती. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र साक्षरतेची परीक्षा, मतदान कर आणि उघड मारहाण यांच्या जोरावर मतदार यादीबाहेर ठेवलं गेलं. फेब्रुवारी १९२१ मध्ये अॅडी हंटन यांच्या नेतृत्वाखाली साठ कृष्णवर्णीय स्त्रियांचं शिष्टमंडळ नॅशनल विमेन्स पार्टीच्या नेत्या अॅलिस पॉल यांना भेटलं. आमचं मत हिसकावलं जातंय, तुम्ही आवाज उठवा, एवढीच मागणी होती. हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही, असं म्हणून पॉल यांनी तो बाजूला सारला. ‘हा जातीचा प्रश्न, बाईचा नाही’ हे वाक्य आपल्या किती बायकांनी ऐकलं असेल! आणि दुसरीकडून, ‘आधी समाजाचं बघू, बायकांचं नंतर’ हेही ऐकलेलं असतंच.

या बायकांचा प्रश्न अध्यक्षाच्या कानापर्यंत जायला आणखी त्रेचाळीस वर्षं लागली. तो नेला फॅनी लू हेमर यांनी. मिसिसिपीतल्या सनफ्लावर काउंटीमध्ये गोऱ्या मालकाच्या मळ्यावर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबातल्या, वीस भावंडांतल्या सगळ्यात धाकट्या. आपल्याला मत देता येतं हे त्यांना कळलं तेव्हा वय चव्वेचाळीस होतं. ३१ ऑगस्ट १९६२ ला सतरा जणांसोबत बसने तालुक्याच्या ठिकाणी नाव नोंदवायला गेल्या. तिथल्या कारकुनाने राज्यघटनेतलं एक किचकट कलम पुढे ठेवून अर्थ सांगायला लावलं आणि नापास केलं. घरी परतल्या तर मळ्याचा मालक म्हणाला, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. ज्या जागी अठरा वर्षं राबल्या, ती त्याच रात्री सोडली. पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रशिक्षण शिबिराहून परतताना विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली.

१९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन निवडणुकीला उभे होते. मिसिसिपीतून डेमोक्रॅटिक पक्षाचं जे प्रतिनिधी मंडळ अधिवेशनाला जायचं ते सगळं गोरं होतं, कारण निवडणारेच सगळे गोरे. हेमर आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ काढली, आपले प्रतिनिधी रीतसर निवडले आणि अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात दाद मागितली. आमच्या राज्याचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, हे म्हणणं मांडायला २२ ऑगस्टला पक्षाच्या समितीसमोर हेमर बोलायला बसल्या. टीव्हीचे कॅमेरे चालू होते. त्यांनी नोंदणीला गेल्यापासूनची सगळी हकिकत, तुरुंगातल्या मारासकट, सांगितली आणि शेवटी अमेरिकेलाच प्रश्न केला, स्वतंत्र लोकांचा म्हणवणारा देश हाच का?

त्या बोलत असतानाच अध्यक्षांनी व्हाइट हाउसमध्ये घाईघाईने पत्रकारांना बोलावलं. टीव्हीवाले हेमर यांना सोडून तिकडे वळले. अध्यक्षांकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, केनेडींच्या हत्येला नऊ महिने झाले वगैरे. पण डाव उलटला. संध्याकाळच्या बातम्यांत वाहिन्यांनी हेमर यांचं म्हणणं दाखवलं, आणि दुपारपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते पाहिलं.

पक्षाने तडजोड पुढे केली, दोन जागा घ्या. मोठमोठे नेते घ्या म्हणत होते. हेमर यांनी नकार दिला, एवढ्या लांबून आम्ही सगळे दोन जागांसाठी आलो नाही, अशा अर्थाचं त्या बोलल्या. त्या वर्षी त्यांना काही मिळालं नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला, आणि १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या. प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर मिळालं, असं फार क्वचित घडतं. मधली चार वर्षं कोण टिकून राहतं, त्यावर बरंच ठरतं.

वादसभा बायकांच्या, नियम पुरुषांचे

अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादसभा आपण यूट्यूबवर बघतो. १९७६ ते १९८४ या काळात त्या लीग ऑफ विमेन व्होटर्स भरवत असे, हे फार जणांना माहीत नसतं. १९६० च्या केनेडी-निक्सन वादसभांनंतर सोळा वर्षं अशी वादसभाच झाली नव्हती. टीव्हीवर एका उमेदवाराला वेळ दिला तर सगळ्या उमेदवारांना तेवढाच द्या, असा कायदा होता. १९७५ मध्ये सरकारी प्रसारण आयोगाने त्याचा अर्थ सैल केला : वाहिनीऐवजी तिसऱ्याच कुणी वादसभा भरवली, तर वाहिनी ती बातमी म्हणून दाखवू शकते. हा तिसरा कोण? लीग पुढे आली आणि फोर्ड-कार्टर वादसभा घडवून आणल्या. (पहिल्याच सभेत ध्वनियंत्रणा बंद पडली आणि दोन्ही उमेदवार सत्तावीस मिनिटं गप्प उभे राहिले. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात माईक बंद पडला की मला हे आठवतं.)

१९८० मध्ये लीगने जॉन अँडरसन या अपक्ष उमेदवारालाही बोलावलं. जनमत चाचणीत पंधरा टक्के पाठिंबा असेल त्याला जागा, असा निकष आधीच जाहीर केला होता. अध्यक्ष कार्टर यांनी यायला नकार दिला. लीगने सभा रद्द केली नाही. बाल्टिमोरला रेगन आणि अँडरसन असे दोघेच आले. यजमान खंबीर असला की देशाचा अध्यक्षसुद्धा नियम बदलू शकत नाही, त्याला फार तर गैरहजर राहता येतं.

दोन्ही मोठ्या पक्षांना हा खंबीरपणा नको होता. १९८४ मध्ये प्रश्न विचारायला कोणते पत्रकार असावेत याच्या याद्या लीगने पाठवल्या, तर दोन्हीकडच्या प्रचारयंत्रणांनी डझनावारी नावं खोडली. लीगने पत्रकार परिषद घेऊन ते चव्हाट्यावर आणलं. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून स्वतःचा वेगळा आयोग स्थापन केला. १९८८ मध्ये बुश आणि डुकाकिस यांच्या माणसांनी आपसात सोळा पानांचा करार केला. प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, पत्रकारांना किती मोकळीक, सगळं ठरलेलं. मग तो लीगच्या हातात ठेवला, यावर सही करा आणि सभा भरवा. लीगच्या अध्यक्ष नॅन्सी न्यूमन यांनी ३ ऑक्टोबर १९८८ ला जाहीर केलं की आम्ही अंग काढून घेतोय, मतदारांच्या फसवणुकीत आम्हाला भागीदार व्हायचं नाही.

लीगने सोडलेली ती वादसभा दहा दिवसांनी लॉस एंजेलिसला झालीच. तिथला पहिला प्रश्न प्रसिद्ध आहे. सूत्रसंचालकाने डुकाकिस यांना विचारलं की तुमच्या पत्नीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला तर तुम्ही खुन्याला फाशी मागाल का, आणि त्यांनी पत्नीचं नावही घेतलं. मंचावर बाकी तिन्ही पत्रकार स्त्रिया होत्या, तरी सभेची आठवण राहिली ती याच प्रश्नाची. बायकांवरच्या अत्याचाराबद्दल सरकार काय करणार, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. बाईचं शरीर हे पुरुष उमेदवाराची परीक्षा घेण्याचं साधन झालं होतं. बलात्काराच्या घटनांवर आपल्याकडच्या निवडणूक सभांत जे बोललं जातं, ते असं तपासून बघा.

लीगने माघार घेतली ते तत्त्व म्हणून बरोबर होतं यात मला शंका नाही. पण कार्यकर्ती म्हणून एक खंत वाटते. मंच सोडल्यावर तो रिकामा राहत नाही, दुसरं कुणीतरी बसतं. पुढची तीसेक वर्षं तो आयोगच अध्यक्षपदाच्या वादसभा भरवत राहिला. २००४ च्या करारात तर सामान्य मतदाराने प्रश्न विचारून झाला की त्याचा माईक बंद करायचा, त्याला उपप्रश्न विचारू द्यायचा नाही, असं लिहिलेलं होतं.

हसण्यात हरवलेला प्रश्न

त्याआधी १५ ऑक्टोबर १९९२ ला रिचमंडमध्ये मतदारांनी थेट प्रश्न विचारण्याची पहिली वादसभा झाली होती. सूत्रसंचालक होत्या कृष्णवर्णीय पत्रकार कॅरोल सिम्पसन. एका तरुण कृष्णवर्णीय मुलीने बुश, क्लिंटन आणि पेरो या तिघांना विचारलं की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि झालाच नसेल तर सामान्यांच्या दुखण्यावर तुम्ही इलाज कसा शोधणार? बुश गोंधळले, प्रश्न नीट कळला नाही म्हणाले. ती मंदीबद्दल विचारतेय, हे सिम्पसन यांना सांगावं लागलं. क्लिंटन तिच्याजवळ चालत गेले आणि तिलाच विचारलं, तुझ्यावर काय परिणाम झाला? माझ्या राज्यात कारखाना बंद पडला की बेकार होणाऱ्यांना मी नावाने ओळखतो, असंही म्हणाले. माध्यमांनी यातून काय उचललं? बुश यांनी घड्याळाकडे बघितलं आणि क्लिंटन जवळ गेले, एवढंच. रोजगारासाठी कोण नेमकं काय करणार, याची चर्चा मागे पडली.

त्यानंतर वीस वर्षं अध्यक्षपदाच्या एकाही वादसभेचं सूत्रसंचालन स्त्रीकडे गेलं नाही. २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्या तीन शाळकरी मुलींनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली, लाखाच्या वर सह्या झाल्या, आणि त्या वर्षी कँडी क्रॉली यांची निवड झाली. त्याच सभेत, १६ ऑक्टोबरला, एका तरुणीने ओबामा आणि रॉम्नी यांना विचारलं की स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळतो, ही विषमता तुम्ही कशी दूर करणार? ओबामांनी २००९ च्या लिली लेडबेटर समान वेतन कायद्याचा दाखला दिला. रॉम्नी यांनी सांगितलं की मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झालो तेव्हा मला लायक स्त्रिया हव्या होत्या, आणि संघटनांनी मला बायकांच्या माहितीने भरलेल्या फायली आणून दिल्या. त्यांची शब्दरचना अशी होती की जणू फायलींत बायकाच भरल्या होत्या. रात्रभर इंटरनेटवर विनोद चालले.

विनोदाखाली जे दडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. त्या फायली बनवल्या होत्या मॅसॅच्युसेट्समधल्या महिला संघटनांच्या एका आघाडीने. २००२ च्या गव्हर्नर निवडणुकीआधीच त्या आघाडीच्या बायका दोन्ही उमेदवारांकडे गेल्या होत्या. सरकारी वरिष्ठ पदांवर लोकसंख्येच्या प्रमाणात स्त्रिया नेमण्याचा प्रयत्न कराल का, आणि नेमणुका चालू असताना आम्हाला नियमित भेटाल का, हे त्यांनी दोघांकडून कबूल करून घेतलं. मग सगळीकडून लायक स्त्रियांची माहिती गोळा करून फायली तयार ठेवल्या, म्हणजे ‘लायक बाई मिळतच नाही’ ही सबब उरू नये. निवडणुकीआधी अशा पदांवर साधारण ३० टक्के स्त्रिया होत्या. २००४ पर्यंतच्या नव्या नेमणुकांत ते प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. आणि २००४ ते २००६ मध्ये पुन्हा २५ टक्क्यांवर घसरलं.

हे आकडे त्या आघाडीनेच ठेवले होते, म्हणून २०१२ मध्ये रॉम्नी टीव्हीवर श्रेय घेऊ लागले तेव्हा दुसऱ्याच दिवशी ते जाहीर करता आले. नोंद ठेवणारी संघटना नसती तर आपल्याला फक्त विनोद आठवला असता.

ह्यूस्टन, २०१९ : स्वतःचा मंच

२४ एप्रिल २०१९ ला ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात ‘शी द पीपल’ या संघटनेने सभा भरवली. अध्यक्षपदाच्या इच्छुक उमेदवारांना फक्त कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई, मूलनिवासी अशा स्त्रियांनी प्रश्न विचारायचे, अशी ती पहिलीच सभा. डेमोक्रॅटिक पक्षाचे आठ इच्छुक आले, त्यांत कमला हॅरिस, एलिझाबेथ वॉरन, बर्नी सँडर्स होते.

उमेदवार का आले? हिशोब सरळ आहे. साउथ कॅरोलायनासारख्या राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय असतात आणि त्यांत बायका पुढे. त्यांना डावलून उमेदवारी मिळत नाही.

मंच बायकांचा, प्रेक्षक त्याच, त्यामुळे गुळमुळीत उत्तर चालत नव्हतं. सँडर्स यांना वाढत्या वर्णवर्चस्ववादी हिंसेबद्दल विचारलं, त्यांनी आपण १९६३ च्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चात होतो ही आठवण काढली, तेव्हा सभागृहातून नाराजीचा आवाज उठला. साठ वर्षांपूर्वी तुम्ही कुठे होतात ते माहीत आहे, आता काय करणार ते सांगा. (‘आमच्या आजोबांनी बाबासाहेबांसोबत काम केलं होतं’ हे आपण किती निवडणुकांत ऐकणार आहोत?) बीटो ओ’रूर्क यांना विचारलं की इतक्या स्त्रिया रिंगणात असताना आम्ही तुम्हाला का निवडावं. ते क्षणभर थांबले.

वॉरन यांच्यासमोर मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न आला. अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित कारणांनी कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत साधारण तिप्पट प्रमाणात मरतात. शिकलेल्या आणि पैसेवाल्या कृष्णवर्णीय बायकाही यातून सुटत नाहीत, कारण दुखतंय असं सांगितलं तरी डॉक्टर-नर्स ते मनावर घेत नाहीत. वॉरन यांनी उपाय सांगितला तो पैशाच्या भाषेत. ज्या रुग्णालयांत कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू कमी होतील त्यांना जादा निधी, जिथे सुधारणा होणार नाही तिथे कपात. उपाय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, कारण गरीब वस्तीतल्या रुग्णालयाचाच निधी कापला जाण्याचा धोका आहे. पण वाद घालता येईल इतकं ठोस उत्तर मिळालं, हेच त्या सभेचं यश.

वॉरन यांना उमेदवारी मिळाली नाही. जो बायडेन त्या सभेला नव्हतेच, त्यांनी दुसऱ्या दिवशी उमेदवारी जाहीर केली. मग प्रश्न वाया गेला का? कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना आणि त्यांच्या काही खासदारांनी तो लावून धरला. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यात एक तरतूद आली. गरिबांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यात गर्भवती म्हणून आलेल्या बाईला बाळंतपणानंतर साठ दिवसच संरक्षण असायचं. ते बारा महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा राज्यांना मिळाली, आणि एकेक करत बहुतेक राज्यांनी ती घेतली. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात होणारे मृत्यू लक्षात घेतले तर साठ आणि तीनशे पासष्ट दिवसांतला हा फरक काय आहे, ते आशाताईंना विचारा.

आपल्या वस्तीत

नागपूरला जुलै १९४२ मध्ये दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या सोयी आणि कायदेमंडळात प्रतिनिधित्व असे ठराव त्या बायकांनी केले. म्हणजे मागण्यांची यादी करण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती अमेरिकेतून आणायची गरज नाही. यादी उमेदवारासमोर ठेवून उत्तर लिहून घेण्याचा भाग मात्र आपण कच्चा ठेवलाय. महाराष्ट्रात २०२४ पासून महिन्याला १५०० रुपयांच्या योजनेमुळे बायकांच्या मताबद्दल सगळेच पक्ष बोलू लागलेत. ते पैसे गरजेचे आहेत, आमच्या गटातल्या बायका त्यातून औषधं आणि मुलांच्या फिया भरतात. पण लाभार्थी म्हणून नाव यादीत असणं वेगळं आणि विचारणारी म्हणून समोर उभं राहणं वेगळं.

त्या सभेनंतर आम्ही विहारात बैठक घेतली. मावशींसह तेवीस बायका आल्या. शंभर पानी वही घेतली. प्रश्न पुष्कळ निघाले, पण ठेवले चारच, कारण जास्त ठेवले की उमेदवार सोपा तेवढा उचलतो. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा तारीख असं देता आलं पाहिजे, हे एका नववीतल्या मुलीने सुचवलं. ‘दवाखान्याकडे लक्ष द्याल का’ याऐवजी ‘बाळंतपणाचा विभाग किती महिन्यांत सुरू कराल, आणि नर्सची पदं किती भराल’ असं लिहिलं. प्रश्न कोण विचारणार हे ठरलं, तिला थांबवलं तर पुढची कोण, हेही ठरलं. कार्यक्रम आमचा, जागा विहाराची, माईक आमच्याच मुलींकडे. चारही उमेदवारांना एकाच दिवशी पत्र दिलं आणि पोच घेतली.

दोघे आले. तिसऱ्यांनी प्रतिनिधी पाठवला, त्याला बायकांनी बसवून घेतलं पण उत्तर त्याच्याकडून लिहून घेतलं नाही. चौथे आले नाहीत. आलेल्या दोघांपैकी एकाने दवाखान्यासाठी आठ महिने सांगितले, दुसऱ्याने बघून सांगतो म्हटलं. दोन्ही वहीत तारखेसह लिहिलंय, खाली सह्या आहेत. आठ महिने सांगणारे निवडून आले. वही मावशींकडे आहे. पाचवा महिना चालू आहे, आणि येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर पाच बायका त्यांच्या कार्यालयात जाणार आहेत.